पाण्याचा पाय उभा कसा राहतो: ठिबकच्या नळ्यांतून तारामाशाचे नलिकापाद शिकवताना

दहावीच्या विज्ञानात कंटकचर्मी संघाच्या, म्हणजे काटेरी कातडीच्या समुद्री प्राण्यांच्या, वाट्याला जेमतेम काही ओळी येतात. तारामासा, सी-अर्चिन, ब्रिटल स्टार, समुद्रकाकडी ही नावं, आणि प्रचलनासाठी, म्हणजे चालण्यासाठी, नलिकापाद (नळीसारखे पोकळ, पाण्यानं भरलेले बारीक पाय) असतात एवढी माहिती. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी कित्येक वर्षं ती तशीच फळ्यावर लिहीत होतो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, पाय पोकळ, आत पाणी, हाडूक नाही. मंग तो उभा कसा राहीन?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उद्या सांगतो म्हणालो.

उत्तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवरच सापडलं. बांधावर लपेटा पाईप पडला होता, कातडं पडावं तसा चपटा. विहिरीवरची मोटर सुरू झाली आणि बघता बघता तो फुगला, ताठ झाला, वळणावर उचलला गेला. त्यात हाड कुठं होतं? बंद कातडीत दाबाखालचं पाणी, हेच त्याचं हाड. तारामाशाचा पाय याच तत्त्वावर उभा राहतो.

त्या दिवसापासून मी हा धडा शेतातल्या सामानानं शिकवतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही आणि आमच्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नसतो. पण फिल्टर, सबमेन (शेतात पाणी वाटणारी मोठी नळी), लॅटरल (तिच्यातून फुटणाऱ्या बारीक नळ्या), व्हॉल्व्ह हे शब्द त्यांच्या तोंडात लहानपणापासून असतात, आणि तारामाशाच्या शरीरात नेमकी हीच मांडणी आहे. ज्यांना हे वर्गात किंवा घरी करून बघायचं आहे, त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहितो.

आधी फळ्यावर ठिबकचा नकाशा

मुलांनाच विचारा: विहिरीपासून झाडाच्या बुडापर्यंत पाणी कसं जातं? ते सांगतील तसं काढत जा. मग शेजारी पाच हातांचा तारामासा काढा आणि जोड्या लावा.

तारामाशाच्या पाठीवर, मधोमध नव्हे तर जरा बाजूला, एक फिकट, खरबरीत ठिपका असतो. ती चाळणी. तिच्यातून समुद्राचं पाणी थोडं थोडं आत येतं. तिच्या खाली उभी नळी, जिच्या भिंतीत चुना असतो म्हणून तिला अश्मनलिका म्हणतात. ती तोंडाभोवतीच्या कड्याला मिळते. कड्यातून प्रत्येक हातात एक लांब नळी जाते, ती सबमेन समजा. तिच्यातून दोन्ही बाजूंना बारीक फांद्या फुटतात. इंग्रजी शरीरशास्त्रात त्या फांद्यांना 'लॅटरल'च म्हणतात, हे सांगितलं की वर्ग हमखास जागा होतो. प्रत्येक लॅटरलच्या टोकाला, ड्रीपरच्या जागी, एक पाय.

इथे मात्र थांबा, कारण साम्य इथे संपतं आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. ठिबकमध्ये एकच मोटर सगळ्या शेताला दाब देते आणि पाणी एकाच दिशेनं जाऊन जमिनीत मुरतं. तारामाशात अशी मोठी मोटर नाही. प्रत्येक पायाच्या डोक्यावर, हाताच्या आतल्या पोकळीत, स्नायूंची एक छोटी पिशवी असते. तिला कुपी म्हणू. कुपी आवळली की तिच्यातलं पाणी पायात उतरतं आणि पाय लांब होतो. पायाच्या भिंतीतले उभे स्नायू आखडले की तेच पाणी परत कुपीत जातं आणि पाय आखूड होतो. लॅटरलमध्ये एक झडप असते, आपल्या मोटरवरच्या एनआरव्हीसारखी (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी), ती कुपी आवळताना पाणी मागे सबमेनमध्ये पळू देत नाही. म्हणजे शेकडो पाय आणि शेकडो स्वतंत्र पंप. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो काळ पाहिलेली पोरं तेव्हा माझ्या वर्गात होती. एकच घोटभर पाणी पुन्हा पुन्हा खालीवर वापरण्याची ही रीत त्यांना एका वाक्यात पटली.

एक पाय बनवणं

सगळा तारामासा करायची घाई करू नका. एक पाय नीट झाला तर निम्मा धडा झाला.

मेडिकलमधून नव्या कोऱ्या सिरिंज आणा, सुया न घेता: एक दोन मिलीची, एक दहाची, दोन वीसच्या. दोन नवे सलाईन सेट आणि रबरी हातमोज्यांची एक जोडी. दवाखान्यातलं वापरलेलं सामान कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात हवेच्या नळीचे प्लास्टिकचे 'टी', म्हणजे तीन तोंडांचे जोड, मिळतात, ते सलाईनच्या नळीत बसतात का ते दुकानातच लावून बघा. नळी घट्ट वाटली तर टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा.

पहिल्यांदा दहाची आणि दोनची सिरिंज वीतभर नळीनं जोडा. पाण्यात निळीचे दोन थेंब टाका म्हणजे हालचाल दिसते. दहाचा दट्ट्या एक मिली दाबला की दोनचा दट्ट्या दुपटीहून जास्त अंतर बाहेर येतो. रुंद कुपी थोडीशी आवळली तरी बारीक पाय बराच लांब का होतो, ते मुलं बोटांनी अनुभवतात.

आता दुसरी पायरी. मोज्याचं एक बोट कापून वीसच्या सिरिंजच्या तोंडावर दोऱ्यानं करकचून बांधा आणि पाणी भरा. बोट लांब होत नाही, त्याचा भोपळा होतो. मुलांना विचारा, तारामाशाच्या पायाचा भोपळा का होत नाही? थोडा वेळ द्या. मग दुसरं बोट पेन्सिलीवर चढवा, शिवणाचा दोरा दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून गोल गोल गुंडाळत टोकापर्यंत न्या आणि उलट्या दिशेनं परत आणा. शेवटची गाठ जराशी सैल ठेवा. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन चार-पाच ठिकाणी टिपक्यासारखं लावा म्हणजे वेढे सरकत नाहीत. पेन्सिल काढा, बोट सिरिंजला बांधा, पाणी भरा. आता ते जाड न होता लांब होतं. खऱ्या पायाच्या भिंतीतही चिवट तंतूंचे असेच वेढे असतात. पाण्याला आडवं पसरता येत नाही, मग ते लांबीतच जातं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत सुंदर भाग आहे. पुस्तकात तो नसला तरी वर्गात तो गाळू नका.

एक फरक सांगायला विसरू नका. आपलं बोट परत आखूड होतं ते रबराच्या ताणामुळे. तारामाशात ते काम स्नायू करतात. लांब करायला पाणी, आखूड करायला स्नायू.

तिसरी पायरी झडपेची. एका 'टी'च्या एका तोंडाला सिरिंज म्हणजे कुपी, दुसऱ्याला दोऱ्याचं बोट म्हणजे पाय, तिसऱ्याला सलाईनची नळी तिच्या रोलरसकट, म्हणजे थेंब कमीजास्त करायच्या चाकासकट. ही नळी म्हणजे लॅटरल. तिचं मोकळं टोक पाण्यानं भरलेल्या पेल्यात सोडा. रोलर उघडा ठेवून सिरिंज दाबली तर पाणी पेल्यात पळतं आणि पाय ढिम्म राहतो. रोलर बंद करून दाबलं की पाय उठतो. झडप कशासाठी, हे आता सांगावं लागत नाही.

पूर्ण तारामासा

प्लायवूडवर किंवा जाड पुठ्ठ्यावर हातभर रुंदीचा पाच हातांचा आकार कापा. मधल्या कड्यात सहा 'टी' लागतात: पाच हातांना पाच, आणि एक अश्मनलिकेसाठी. त्या सहाव्याला उभी नळी लावून वर लहान नरसाळं बसवा, तोंडावर मलमलचं फडकं बांधा. झाली चाळणी. प्रत्येक हातात दोन पाय धरले तर दर हाताला तीन 'टी' लागतात. म्हणजे सगळे मिळून एकवीस 'टी', दहा रोलर, दहा सिरिंज. पहिल्या वर्षी एवढा खर्च नको. एकच हात पूर्ण करा, बाकीचे चार नळी लावून टोकं दुमडून बांधा. नऊ 'टी' आणि दोन रोलरमध्ये काम होतं.

पाणी भरताना सगळे रोलर उघडे ठेवा, नरसाळं उंच धरा आणि नळ्यांवर टिचक्या मारत राहा, म्हणजे बुडबुडे वर निघून जातील. पाईपात हवा धरली की मोटर पाणी ओढत नाही हे मुलांना ठाऊक असतं. इथे कारण थोडं वेगळं आहे. हवा दबते, पाणी जवळपास दबत नाही. बुडबुडा राहिला तर तुमचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि पाय हलत नाही.

पाय चिकटतो कसा

इथे मला माझी चूक दुरुस्त करायची आहे. मी वर्षानुवर्षं शिकवलं की पायाच्या टोकाला चूषक असतो आणि तो भिंतीवरच्या रबरी हुकासारखा निर्वातानं चिकटतो. पुष्कळ पुस्तकांत तसंच लिहिलेलं आहे. आज आपल्याला माहीत आहे की मुख्य काम चिकट द्रवाचं आहे. पायाच्या टोकाच्या चकतीत दोन प्रकारच्या स्रावपेशी असतात. एक खळीसारखा चिकट पदार्थ सोडते आणि पाय खडकाला धरतो. दुसरीचा स्राव ती पकड सोडवतो. पाय निघून जातो आणि खळीचा पातळ थर खडकावर राहतो. काचेवर चालून गेलेल्या तारामाशाची अशी पावलं रंगद्रव्य टाकून दिसू शकतात. २०१४ साली या पावलांमधल्या एका मोठ्या प्रथिनाची रचनाही शास्त्रज्ञांनी मांडली.

वर्गात हा फरक दाखवायला रबरी हुक घ्या. तो गुळगुळीत फरशीवर लावा, मग खरबरीत दगडावर आणि पिठाच्या चाळणीवर. फरशीवर धरतो, बाकी दोन्हींवर गळून पडतो, कारण फटींतून हवा आत शिरते. मग मैद्याची खळ लावलेला कागद त्याच दगडावर चिकटवा. लाटांचा मारा खात खडबडीत कातळावर बसणाऱ्या प्राण्याला यातलं कोणतं उपयोगी, ते मुलंच सांगतात.

याच पकडीवर तारामासा शिंपला उघडतो. हात शिंपल्याभोवती घालून तो दोन्ही झाकणं पायांनी ओढत राहतो, झटका देत नाही. आळीपाळीनं पाय लावून ताण टिकवतो. केसाएवढी फट पडली तरी पुरते, कारण मग तो स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून त्या फटीत सरकवतो आणि शिंपल्यातला जीव तिथेच पचवतो.

चालणं: दिंडीचा खेळ

तारामाशाला मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचं कडं आणि प्रत्येक हातात एक मोठा मज्जातंतू, एवढंच. तरी तो एका दिशेनं जातो, कारण एखादा हात पुढाकार घेतो आणि सगळ्या हातांचे पाय त्याच दिशेला झुकून पाऊल टाकू लागतात. पाऊल मात्र कुणी कुणाशी जुळवत नाही.

मैदानात हे करून घ्या. आधी मुलांना कवायतीसारखं एका तालात चालवा. मग दिंडीसारखं चालवा. पैठणहून नाथांची पालखी निघते तेव्हा कुणाचं डावं पाऊल पुढे असतं, कुणाचं उजवं, पण तोंड सगळ्यांचं पंढरपूरकडे. तारामासा दुसऱ्या प्रकारे चालतो. आता काही मुलांना मध्येच थांबायला सांगा: कवायतीची रांग मोडते, दिंडी चालत राहते. लाटेनं दहा पाय उखडले तरी तारामासा का पडत नाही, याचं उत्तर यात आहे.

एकेका पायाची चाल अशी: लांब होणं, पुढे झुकणं, चकती टेकवणं, चिकटणं, पाय मागे कलताना अंग पुढे जाणं, सुटणं, आखूड होणं. मुलांकडून हाताच्या कोपरापासून बोटापर्यंतचा भाग वापरून हे सात टप्पे करवून घ्या.

भाऊबंद

पाय तोच, पण घराघरांत उपयोग वेगळा. वाळूत राहणाऱ्या अ‍ॅस्ट्रोपेक्टेन या तारामाशाच्या पायांना चकतीच नसते, टोक अणकुचीदार असतं. वाळूला चिकटून काय मिळणार? त्याला खुपसून खणायचं असतं, आणि तो शिंपले उघडत बसत नाही, भक्ष्य अख्खं गिळतो.

सी-अर्चिनचे पाय काट्यांच्याही पलीकडे पोचतील इतके लांब आणि दोऱ्यासारखे बारीक. त्यांनी तो खडक धरतो, शेवाळाचे तुकडे आणि शिंपल्यांच्या कपच्या अंगावर ओढून घेतो, श्वासाचं कामही करतो. या पायांमध्ये प्रकाश ओळखणारी प्रथिनंही सापडली आहेत, म्हणजे डोळे नसलेला हा प्राणी काही अंशी पायांनी पाहतो. तारामाशाच्या हाताचं टोक नीट पाहिलं तर तिथे शेवटचा पाय संवेदनेसाठी राखलेला असतो आणि त्याच्या बुडाशी लालसर नेत्रबिंदू असतो.

ब्रिटल स्टार पायांवर चालत नाही, हात वल्ह्यासारखे मारत पळतो. त्याच्या पायांना कुपी नाही, चकती नाही. ते अन्नाचे कण एकाकडून दुसऱ्याकडे देत तोंडाकडे पोचवतात, विटा हातोहात द्याव्यात तसे. समुद्रकाकडीच्या तोंडाभोवतीचे झुबके म्हणजे बदललेले नलिकापादच. त्यांनी ती चिखल चाटूनपुसून खाते, आणि पोटाच्या बाजूच्या पायांवर सरकते. पिसांसारख्या फेदर स्टारचे पाय तर फक्त पाण्यातले कण पकडतात. जगात आज कंटकचर्मींच्या सुमारे सात हजार जाती आहेत आणि सगळ्या समुद्रातच राहतात.

'सर, गोदावरीत का नाहीत?' हा प्रश्न येणारच. त्यांच्या नळ्यांतलं आणि शरीरातलं पाणी समुद्राइतकंच खारट असतं, लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम क्षार. जादा पाणी बाहेर टाकायला त्यांना मूत्रपिंडासारखं इंद्रिय नाही. गोड्या पाण्यात ठेवलं तर पाणी आत घुसत राहतं आणि प्राणी मरतो. आपल्या काळ्या दगडातही यांचे जीवाश्म शोधू नका, तो थंड झालेला लाव्हा आहे.

बरणीतला तारामासा

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या वरिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभाग असेल तर तिथे बहुधा जतन केलेला तारामासा असतो. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन जा. फॉर्मेलिन डोळ्याला आणि नाकाला झोंबतं, म्हणून खिडक्या उघड्या असू द्या आणि बरणीला हात तिथल्या सरांनीच लावावा. मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगा: पाठीवरची चाळणी, पोटाकडून प्रत्येक हातात जाणारी खोबण, आणि त्या खोबणीत पायांच्या रांगा दोन आहेत की चार. भिंग दहापट असलं तर चकतीही दिसते.

किनाऱ्यावर जायचं असेल तर

सहल कोकणातच जाणार असेल तर फक्त किल्ला आणि वाळू बघून परतू नका. रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, ते आधी बघा. मग खडकाळ किनारा.

वेळ ठरवायला कोकणातला जुना हिशेब शिकून घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी पावणेआठला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वांत दूर ओसरतं. म्हणून पौर्णिमेनंतरची द्वितीया किंवा तृतीया सहलीला उत्तम: उधाणाचा जोर असतो आणि ओहोटी सकाळी उजेडात येते. छापील वेळापत्रकाशी ताडून घ्या आणि स्थानिक कोळी माणसाला विचारल्याशिवाय पोरांना खडकावर उतरवू नका. ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाणी वळलं की लगेच मागे फिरा. पावसाळ्यात हा बेत करूच नका.

पायात बूट हवेत, शेवाळावर पाय सरकतो आणि अर्चिनचे काटे मोडून आत राहतात. दगड उलटला तर अलगद पूर्ववत ठेवा, त्याखाली राहणाऱ्याचं ते घर आहे. ब्रिटल स्टार अशाच दगडांखाली सापडतो. वाळूत तारेच्या आकाराचा ठसा दिसला तर शेजारी अ‍ॅस्ट्रोपेक्टेन असू शकतो.

तारामासा खडकाला धरून बसला असेल तर ओढू नका. तो सोडत नाही, पाय तुटून खडकावर राहतात. सैल सापडला तरच समुद्राचं पाणी भरलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा. डबा सावलीत उंच धरा आणि मोबाइल खालून लावून चित्रीकरण करा. पाय एकेक करून लांब होतात, चाचपतात, टेकतात, ते खालूनच दिसतं. फार तर एकदा त्याला पाण्यातच हलकेच पालथा करा. हातांची टोकं पिळवटून पाय जमीन शोधतील आणि तो स्वतःहून सुलटा होईल. घाई झाली तरी हातानं मदत करू नका. पाच-दहा मिनिटांत जिथून उचलला तिथेच सोडा. पिण्याच्या बाटलीतलं पाणी डब्यात ओतायची चूक मुलं करतात, आधीच बजावून ठेवा. समुद्रकाकडीला तर हातच लावू नका, वन्यजीव कायद्यानं ती संरक्षित आहे. किनाऱ्यावरच्या दुकानातले वाळवलेले तारामासे विकत घेऊ नका. आठवण म्हणून सँड डॉलरचं, म्हणजे सी-अर्चिनच्या चपट्या भाऊबंदाचं, पांढरं, रिकामं कवच पाहिलंत तर हातात घेऊन बघा. त्यावर फुलाच्या पाच पाकळ्यांसारखी छिद्रांची नक्षी असते. त्या छिद्रांतूनच एके काळी नलिकापाद बाहेर येत होते. पाहून झाल्यावर परत वाळूत ठेवा.

परत आल्यावर मुलांना चित्रफीत दाखवा, आणि शेजारी आपलं दोऱ्याचं बोट चालवा. कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, ते त्यांनाच लिहू द्या.

शेवटी प्रतिकृती ठेवण्याबद्दल. नळ्यांतलं निळं पाणी काढून झाडाला घाला, नाहीतर आठवड्याभरात शेवाळ धरतं. सिरिंजचे दट्ट्ये बाहेर काढून सावलीत वाळवा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवून परत बसवा. रबरी बोटं मात्र मराठवाड्याच्या मे महिन्यात टिकत नाहीत. टाल्कम पावडर लावून डब्यात ठेवली तरी जूनला चिरा पडलेल्या असतात. दोरा सोडवून जपून ठेवा, बोटं दरवर्षी नवी बांधा, आणि ती बांधायला मागच्या वर्षीच्या मुलांना बोलवा.